जिथे मुले शिडी चढून शिकतात

म्हैसूरला जाणारे बहुतेक पर्यटक राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान पाहून माघारी फिरतात. तिथून अवघ्या पन्नास किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला, हेग्गडदेवनकोटे नावाचा तालुका आहे. तिथल्या साध्या सरकारी शाळांनी मुलांची प्रगती जोखण्याची एक वेगळी रीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सुरू केली. देशपातळीवरची मोजपट्टी आणि गावच्या शाळेची शिडी यांची तिथे झालेली ही गाठभेट.

नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. म्हैसूरच्या उपनगरी बसस्थानकावर सकाळी साडेसातलाच गर्दी उसळली होती. कोटेला जाणाऱ्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली ती शेजारच्या एका प्रौढ गृहस्थांच्या सौजन्याने. कुठे निघालात, असे त्यांनी हिंदीत विचारले. मी म्हटले, "हेग्गडदेवनकोटे." एवढे लांबलचक नाव मी धडपणे उच्चारले याचे त्यांना कौतुक वाटले असावे. हसून म्हणाले, "आम्ही नुसते एच. डी. कोटे म्हणतो. सफारीला जाताय ना? वाघ बघायला?"

"नाही, शाळा बघायला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. सरकारी शाळा बघायला कुणी मुंबईहून एवढ्या लांब येते का, हा त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला स्पष्ट वाचता आला. खरे तर त्यामागे कामाइतकेच घरचेही कारण होते. महिनाभरापूर्वी माझ्या दुसरीतल्या लेकीचे प्रगतिपत्रक हातात पडले होते. 'वाचन' या शब्दापुढे दोनच शब्द लिहिलेले होते : 'सुधारणेस वाव'. ते वाचून मी तिच्यावर बरीच चिडले. ती रडली. रात्री ती झोपल्यावर माझ्या मनात आले, वाव आहे तो नेमका कुठे? तिला अक्षरे येत नाहीत की ती अडखळते? वाचते पण समजत नाही? त्या दोन शब्दांतून मला काहीच कळले नव्हते. तरीही पोरीला मात्र बोलणी खावी लागली होती.

हत्तींचा तालुका

म्हैसूर सोडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आधी नारळी, मग नाचणी आणि कापसाची शेते लागतात. अधूनमधून आल्याचे वाफे दिसतात. कोटे गाव येण्याच्या थोडे आधी 'हँडपोस्ट' नावाचा तिठा लागतो. नाव इंग्रजी, पण कानडी जिभेवर ते इतके रुळले आहे की आता ते गावाचेच नाव झाले आहे. चहाच्या टपऱ्या, केळ्यांचे घड, खतांची दुकाने आणि केरळकडे जाणाऱ्या गाड्या यांनी तो तिठा कायम गजबजलेला असतो. इथून पुढे रस्ता अंतरसंतेवरून जंगलात शिरतो आणि बावलीजवळ केरळच्या वायनाडात उतरतो.

हा तालुका ओळखला जातो तो दोन गोष्टींसाठी. एक कबिनी नदीवरचे धरण. १९७४ मध्ये ते पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्याखाली जंगलाचा आणि वस्त्यांचा मोठा भाग गेला. दुसरी गोष्ट म्हणजे हत्ती. काकनकोटेच्या रानात पूर्वी 'खेडा' होत असे. म्हणजे हाकारे घालून रानहत्तींचा कळप नदीत उतरवायचा आणि मग त्यांना कोंडून माणसाळवायचे. शेवटचा खेडा १९७१ मध्ये झाला. म्हैसूरच्या दसऱ्याला सोन्याची अंबारी वाहणारा अर्जुन हत्ती याच तालुक्यातल्या बळ्ळे येथील छावणीतला. डिसेंबर २०२३ मध्ये रानहत्तीशी झालेल्या झुंजीत तो गेला. त्याचे नाव काढले की इथली म्हातारी माणसे अजूनही हळवी होतात.

जंगलाच्या कडेने 'हाडी' आहेत. हाडी म्हणजे आदिवासींची वस्ती. जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब हे इथले मूळचे रहिवासी. 'जेनु' म्हणजे मध. मध गोळा करणारे ते जेनु कुरुब. अभयारण्य आणि धरण झाल्यावर यांतली पुष्कळ कुटुंबे रानाबाहेर आली. आज त्यांतले अनेक जण हंगामात कोडगूच्या कॉफीमळ्यांत मजुरीला जातात. आईबाप गेले की मुलेही जातात. मग शाळेच्या हजेरीपटावर दोन-दोन, तीन-तीन महिने नुसती फुल्यांची रांग उमटते. अशा मुलांची परीक्षा घ्यायची ती कशी? इथली सारी कथा या एका प्रश्नातून सुरू होते.

शिडीचा जन्म

नव्वदच्या दशकाचा आरंभ आठवून पाहा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक मुलाला किमान काही आलेच पाहिजे असा आग्रह धरला होता. त्यातून रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 'किमान अध्ययन पातळ्या' ठरल्या. पहिली ते पाचवीपर्यंत भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांत मुलाला कोणत्या इयत्तेअखेर काय यायला हवे, याची क्रमांक घातलेली यादी देशासमोर आली. आपल्यापैकी जे त्या काळात शिक्षक होते, त्यांना या पातळ्यांचे तक्ते भरल्याचे नक्की आठवत असेल.

यादी चांगली होती, पण शिक्षकापुढची अडचण वेगळीच होती. एक शिक्षक, दोन किंवा तीन इयत्ता एकाच खोलीत, आणि त्यातली निम्मी मुले आज आहेत तर उद्या नाहीत. मग धडा कोणता शिकवायचा आणि परीक्षा कुणाची घ्यायची?

याच सुमारास आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत एक प्रयोग चालू होता. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणाऱ्या या संस्थेने आजूबाजूच्या खेड्यांत छोट्या बहुवर्गीय शाळा काढल्या होत्या. तिथे पाठ्यपुस्तकाऐवजी चित्रांची कार्डे होती. सारा अभ्यासक्रम लहान लहान पायऱ्यांत तोडून त्याची एक शिडी केली होती. १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यातले सरकारी शिक्षक तिथे गेले, ते सारे डोळ्यांनी पाहून आले आणि युनिसेफच्या मदतीने आपल्या शाळांसाठी त्यांनी स्वतः कानडीत कार्डे तयार केली. किमान पातळ्यांची राष्ट्रीय यादी त्यांच्यासमोर होतीच. फरक एवढाच की त्यांनी ती इयत्तांच्या कप्प्यांत न ठेवता शिडीच्या पायऱ्यांवर मांडली. या पद्धतीचे नाव 'नली-कली'. आनंदाने बागड आणि शीक, असा त्याचा साधा अर्थ. पुढे २००९-१० मध्ये ती कर्नाटकातल्या कानडी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीसाठी सर्वत्र लागू झाली आणि नंतर तिसरीही तिच्यात आली.

र, ग, स, द, अ

मी गेले ती शाळा हँडपोस्टपासून रिक्षाने अर्ध्या तासावर होती. कौलारू इमारत, दोन खोल्या, आवारात एक चिंचेचे झाड आणि बाजूला स्वयंपाकघर. तिथून फोडणीचा वास येत होता. शाळेच्या टीचर पस्तिशीच्या, हसतमुख. हिंदी त्यांना बऱ्यापैकी येत होते. "मेडम, आधी दूध घ्या, मग शाळा बघा," म्हणत त्यांनी माझ्या हातात मुलांसाठी आलेल्या गरम दुधाचा पेला दिला. सरकारी शाळांत मुलांना असे दूध २०१३ पासून मिळते.

खोलीत बाके नव्हती. जमिनीवर पाच ठिकाणी मुले गोल करून बसली होती. पहिली, दुसरी आणि तिसरीची सगळी मिळून सव्वीस मुले. मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर भिंतीला काळा रंग देऊन त्याचा फळा केलेला होता. डोक्यावर आडव्या तारा ताणून त्यांवर मुलांनी काढलेली चित्रे आणि कागदाची फुले टांगली होती. याला ते 'चप्पर' म्हणतात, म्हणजे मांडव. आपल्याकडचा छप्पर हा शब्द आठवून मला गंमत वाटली.

पाच गोलांचा अर्थ टीचरांनी समजावला. पहिल्या गोलातल्या मुलांना नवे काही शिकायचे असते, म्हणून टीचर पूर्णवेळ त्यांच्याजवळ बसतात. दुसऱ्या गोलाला टीचरांची थोडीच मदत लागते. तिसऱ्यात मोठी किंवा पुढे गेलेली मुले सोबत्यांना शिकवतात. चौथ्यात सोबत्याची मदत अडेल तेव्हाच घ्यायची. पाचव्यात ज्याने त्याने आपले आपण करायचे. सकाळी आल्याबरोबर प्रत्येक मूल भिंतीवरच्या शिडीपाशी जाते, आपण कुठवर आलो ते पाहते, त्या पायरीवरचे चित्र ओळखते, तेच चित्र असलेले कार्ड काढून घेते आणि ठरलेल्या गोलात जाऊन बसते. कुणाला काही सांगावे लागत नाही. माझ्यासमोर सहा वर्षांचा एक मुलगा आला, चवड्यांवर उभा राहिला, शिडीवर बोट टेकवले आणि मान डोलवून कार्ड घेऊन गेला. बँकेत जाऊन आपले खाते पाहून आल्यासारखा त्याचा रुबाब होता.

अक्षरांची सुरुवात 'अ आ इ ई' अशी नाही. पहिल्या गटात येतात र, ग, स, द, अ ही पाच अक्षरे. कारण एवढ्याच अक्षरांत कितीतरी ओळखीचे शब्द होतात. 'सर' म्हणजे गळ्यातला हार, 'अरस' म्हणजे राजा, 'अगस' म्हणजे परीट, 'गरगस' म्हणजे करवत. पाच अक्षरे आली की मूल चार शब्द वाचते. वाचता येते हा आनंद त्याला पहिल्या महिन्यातच मिळतो, बाराखडी संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता मूल्यमापनाकडे येऊ. शिडीवर काही पायऱ्यांचा मिळून एक टप्पा होतो. त्याला 'मैलाचा दगड' म्हणतात. प्रत्येक टप्प्यात आधी पूर्वतयारी, मग नवे शिकणे, मग सराव, मग वापर आणि शेवटी पडताळणीची पायरी. ही पडताळणी म्हणजेच परीक्षा. पण तिचा दिवस ठरलेला नसतो. मूल त्या पायरीवर पोचेल तो त्याचा परीक्षेचा दिवस. जमले तर पुढचा टप्पा. नाही जमले तर टीचर पाहतात की कुठे अडले, आणि तेवढ्यापुरतीच सरावाची कार्डे पुन्हा देतात. 'नापास' हा शब्दच इथे लागत नाही. झालेली प्रगती 'प्रगती नोट' नावाच्या भिंतीवरच्या तक्त्यात मांडली जाते. 'नोट' म्हणजे कानडीत दृष्टिक्षेप. बाहेरून आलेला कुणीही एका नजरेत सांगू शकतो की कोणते मूल कोठे आहे.

लाल रिबिनीची मुलगी

त्या तक्त्यापाशी उभी असताना माझ्या लक्षात आले की तिसरीच्या सात नावांपैकी सहा नावे एका जवळपासच्या ओळीत आहेत आणि एक नाव बरेच मागे, दुसरीच्या मध्यावर. मी विचारले तेव्हा टीचरांनी चौथ्या गोलाकडे डोळ्यांनीच खूण केली. दोन वेण्या, लाल रिबिनी, समोर कार्ड. शेजारच्या दुसरीतल्या मुलाला विचारत विचारत ती वाचत होती.

ही मुलगी हाडीतली. आदल्या हंगामात आईबापांबरोबर कोडगूला गेली ती अडीच महिन्यांनी परतली. "पूर्वीच्या पद्धतीत ती परत आली असती तेव्हा वर्ग दहा धडे पुढे गेलेला असता," टीचर म्हणाल्या. "तिला काहीच कळले नसते. मागच्या रांगेत बसली असती आणि काही दिवसांनी यायची बंद झाली असती. इथे ती आली, शिडीपाशी गेली आणि आपली पायरी तिला सापडली. जाताना जिथे होती, तिथूनच सुरू."

ऐकायला फार छान वाटले. पण टीचरांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. कारण ४ डिसेंबर जवळ येत होता.

चार डिसेंबरची काळजी

४ डिसेंबर २०२४ ला देशभर 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' व्हायचे होते. तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची एकाच दिवशी चाचणी. पूर्वी याला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण म्हणत. त्याच्या फेऱ्या नोव्हेंबर २०१७ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये झाल्या होत्या. या वेळी एकवीस लाखांवर मुले आणि चौऱ्याहत्तर हजारांवर शाळा त्यात होत्या. निवडलेल्या शाळांत या शाळेचेही नाव आले होते.

चाचणी इयत्तेची, शिडीची नव्हे. हजेरीपटावर तिसरीत असलेल्या मुलाला तिसरीचेच प्रश्न. तिसरीअखेर मुलाला काय यावे हे आता बरेच नेमके ठरलेले आहे. २०१७ पासून इयत्तावार अध्ययन निष्पत्ती शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत आल्या. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तर आकडेच दिले : तिसरीच्या मुलाने अर्थ समजून मिनिटाला निदान साठ शब्द वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात. लाल रिबिनीची मुलगी त्या दिवशी माझ्यासमोर वाचत होती तेव्हा मी मनातल्या मनात मोजले. मिनिटाला वीस-बावीस शब्दांच्या पुढे ती जात नव्हती.

"गावातल्या एकाने मला सुचवले," टीचर खाली बघत म्हणाल्या, "त्या दिवशी कच्च्या मुलांना घरीच राहू दे. शाळेचे नाव खराब होणार नाही. एकाच मुलीचा तर प्रश्न आहे."

"मग?"

"मी रात्रभर विचार केला, मेडम. तिला घरी ठेवले तर सगळ्यांत जास्त सोय होईल ती माझी. ती कॉफीच्या मळ्यावर होती तेव्हा ती शाळेच्या कागदावर नव्हतीच. आता शाळेत येते आहे, तर मी तिला पुन्हा पुसून टाकू?"

यावर मला बोलण्यासारखे काही नव्हते.

दुपारी मुलांबरोबर भात-सांबार जेवले. सोबत प्रत्येकाला एक उकडलेले अंडे. लाल रिबिनीच्या मुलीने अर्धे अंडे रुमालात बांधून ठेवले. धाकट्या भावासाठी असावे.

शिडीच्याही काही तक्रारी

इथवर वाचून कुणाला वाटेल, शिडी चांगली आणि सर्वेक्षण वाईट. मलाही सकाळी तसेच वाटले होते. दुपारनंतर चिंचेखाली बसून टीचरांशी आणि मुलांना न्यायला आलेल्या पालकांशी बोलले, तेव्हा दुसरी बाजूही कळली.

पहिली गोष्ट म्हणजे ही पद्धत शिक्षकाकडून फार मागते. सव्वीस मुले, पाच गोल, शेकडो कार्डे. कार्डे फाटतात, हरवतात, नवी वेळेवर येत नाहीत. नोंदी रोजच्या रोज ठेवाव्या लागतात. जिथे शिक्षक मनापासून करत नाही, तिथे भिंतीवरचा तक्ता नुसता रंगवलेला राहतो.

दुसरी गोष्ट पालकांची. एका वडिलांनी स्पष्टच सांगितले, "मुलगा खेळतो, गातो, ते ठीक आहे. पण त्याचा नंबर कितवा ते कुणी सांगत नाही." त्यांनी धाकट्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले आहे. तिथे दर महिन्याला गुण मिळतात. ते गुण खरे किती आणि खोटे किती, हे त्यांना ठाऊक नाही. पण आकडा हातात पडला की मनाला धीर येतो. आपण शहरातले आईबापही याहून वेगळे कुठे आहोत?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती टीचरांनीच सांगितली. "शिडीत एक धोका आहे. मूल आपल्या गतीने चढते आहे, असे म्हणत म्हणत आपण निवांत होतो. या वर्षी दोन पायऱ्या, पुढच्या वर्षी दोन. आपल्याला वाटते, चढते तर आहे. पण चौथीत शिडी संपते आणि पुस्तक सुरू होते. तेव्हा मूल एकदम खाली पडते. म्हणून बाहेरून कुणीतरी येऊन विचारले पाहिजे की बाई, तिसरी झाली, ही अजून दुसरीत का?"

दोन मापे, दोन कामे

मला वाटते, साऱ्या वादाचे मर्म त्यांच्या या बोलण्यात होते. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि मग गोंधळ होतो.

राष्ट्रीय सर्वेक्षण मुलाला पास-नापास करण्यासाठी नसतेच. त्यात काही शाळांतली काही मुले निवडतात. निकाल मुलाचा लागत नाही. जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा लागतो. धरणातले पाणी किती हे सांगणारी ती पट्टी आहे. कुणाच्या शेताला पाणी पोचले हे ती सांगत नाही. पण पट्टी नसेल तर धरण आटते आहे हेही कळायचे नाही. 'प्रथम' संस्थेचे लोक २००५ पासून 'असर' या पाहणीसाठी खेड्यांतल्या घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. पाचवीतली जवळजवळ निम्मी मुले तो उतारा वाचू शकत नाहीत, ही गोष्ट देशाला त्यातूनच कळली. एकेका शाळेचे प्रगतिपत्रक ती कधीच सांगू शकले नसते, कारण तिथे सगळेच वर चढवलेले होते.

उलट शाळेतले रोजचे मूल्यमापन हे एका मुलाचे असते. ते निकालासाठी नसून उद्या सकाळी त्याला कोणते कार्ड द्यायचे हे ठरवण्यासाठी असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे कलम आले ते यासाठीच. आपल्या महाराष्ट्रात त्याचे आकारिक आणि संकलित मूल्यमापन झाले, वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू उत्तम होता. पण पुष्कळ ठिकाणी या नोंदींची ठरावीक वाक्ये बनली आणि ती एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत गेली. माझ्या घरचा 'सुधारणेस वाव' हा त्यांचाच भाऊ.

एका मापाचे काम दुसऱ्याला सांगितले की बिघडते. सर्वेक्षणाचा आकडा शाळेच्या अब्रूचा झाला की कच्ची मुले घरी ठेवावीशी वाटतात. त्यातून आकडा सुधारतो, पण मूल जागच्या जागी राहते. आणि रोजच्या नोंदी वरच्यांना दाखवण्यासाठी होऊ लागल्या की त्या खोट्या होतात. याच कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये पाचवी, आठवी आणि नववीला राज्यपातळीवरून परीक्षा घेतली गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालांना स्थगिती दिली. लहान मुलांना किती आणि कशासाठी मोजायचे, याचे उत्तर मोठ्यांना अजून सापडायचे आहे, हेच त्यातून दिसते.

मग काय झाले?

परतल्यावर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी टीचरांना फोन केला. लाल रिबिनीची मुलगी ४ तारखेला शाळेत आली होती. इतकेच नव्हे, ती सर्वांत आधी आली होती. तपासनीसांनी प्रश्न वाचून दाखवले, मुलांनी उत्तरांवर खुणा केल्या. तिची किती उत्तरे बरोबर आली हे टीचरांना कळणार नव्हते आणि तिलाही नाही. "पण एक झाले," त्या म्हणाल्या. "त्या दिवसानंतर मी रोज शाळा सुटल्यावर तिला वीस मिनिटे जवळ घेते. खरे सांगू? त्या चाचणीच्या भीतीनेच मला तिचा हिशोब करायला लावले. या आठवड्यात ती तीन पायऱ्या चढली."

"आणि या हंगामात कोडगूला?"

फोनवर क्षणभर शांतता. "आईशी बोलले आहे. आजीजवळ ठेवते म्हणाली आहे. बघू."

सर्वेक्षणाचे निकाल २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झाले. देशातली तिसरीची सरासरी भाषेत ६४ टक्के आणि गणितात ६० टक्के. तिसरीतली ५५ टक्के मुले ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकतात. सहावीत गेल्यावरही दहापर्यंतचे पाढे येणारी मुले ५३ टक्केच. वर्तमानपत्रांत हे आकडे वाचताना मला लाल रिबिनी आठवल्या. या सरासरीत ती कुठेतरी होती. तिने ती कणभर खाली ओढलीही असेल. पण ती त्यात होती म्हणूनच तो आकडा खरा होता.

माझ्या घरची गोष्टही सांगायला हवी. मुंबईला आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी लेकीला घेऊन बसले. प्रगतिपत्रक बाजूला ठेवले आणि गोष्टीच्या पुस्तकातले एक पान तिला वाचायला दिले. चिडायचे नाही असे आधीच ठरवले होते. ती वाचत गेली आणि मी पेन्सिलीने खुणा करत गेले. पान संपल्यावर पाहिले, तर अकरा खुणांपैकी दहा जोडाक्षरांवर होत्या. 'चंद्र'वर ती अडली, 'पुस्तक'वर अडली, 'मित्र'वर अडली. बाकी सगळे तिला येत होते. 'सुधारणेस वाव' होता तो एवढाच, आणि तो शोधायला मला दहा मिनिटे लागली. आता स्वयंपाकघराच्या दारावर आम्ही एक शिडी काढली आहे. दर पायरीवर पाच जोडाक्षरे. सध्या ती सातवीवर आहे. परवा तिने मला विचारले, "आई, तुझी पायरी कितवी?" मी म्हटले, "मीही चढतेच आहे."

कसे जाल, काय पाहाल?

म्हैसूर रेल्वेने बंगळूरशी उत्तम जोडलेले आहे. म्हैसूरहून एच. डी. कोटेसाठी दिवसभर बसेस मिळतात. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर, वेळ दीड तास. पुढे काकनकोटेच्या बाजूने नागरहोळे अभयारण्याची सफारी करता येते आणि कबिनीच्या काठी पाणी प्यायला आलेले हत्तींचे कळप उन्हाळ्यात हमखास दिसतात. मुक्कामासाठी म्हैसूर सोयीचे. कबिनीकाठची निवासस्थाने बरीच महाग आहेत. हँडपोस्टला गरम इडली आणि नाचणीचा मुद्दा जरूर खा. शाळा पाहायची असेल तर मात्र आधी परवानगी घ्या, मुलांच्या वेळात लुडबूड करू नका आणि कुणाला 'तुझा नंबर कितवा' असे विचारू नका. विचारायचेच असेल तर विचारा, "आज कोणती पायरी?" मूल हात धरून तुम्हाला भिंतीपाशी नेईल.